जुन्या सहकाऱ्याला दोन ओळी लिहाव्यात, पण कोणत्या?

आपल्या समाजात निकाहची पत्रिका छापली जाते, नव्या दुकानाच्या उद्घाटनाचे कार्ड गावभर वाटले जाते, हजहून परतलेल्या हाजीसाहेबांना मुबारकबादी दिली जाते. परंतु ज्या कारागिराने एकाच दुकानात वीस वर्षे घाम गाळला, त्याच्या हाती त्या वीस वर्षांबद्दल दोन ओळींचा कागद कोणी दिल्याचे क्वचितच ऐकू येते.

जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत, बँकांत व कंपन्यांच्या कचेऱ्यांत आता निराळी पद्धत रूढ झाली आहे. एखाद्याच्या नोकरीला पाच-दहा वर्षे पूर्ण झाली की सहकारी एका कार्डावर सह्या करतात, शुभेच्छा लिहितात. तेथे काम करणारी आपली मुले विचारतात, काय लिहावे? बहुतेक जण मोबाईलवर आलेला तयार मजकूर उतरवून मोकळे होतात. असा मजकूर शंभर जणांना चालतो, म्हणूनच तो एकालाही लागू पडत नाही. ही पद्धत आपल्या दुकानांत, कारखान्यांत आणि गॅरेजमध्येही यावी, मात्र दुरुस्त होऊन यावी, असे आमचे मत आहे.

काही बंधू म्हणतील की सालगिरह साजरी करणे ही आपली रीत नव्हे. आमचा आग्रह समारंभाचा नाही, केक आणि फुग्यांचा तर मुळीच नाही. आग्रह आहे तो लिहिण्याचा. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लेखी नोंदीचे महत्त्व मुस्लिम व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये. तसेच, जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशा आशयाची हदीस आपण मशिदीत अनेकदा ऐकतो. मग गिऱ्हाइकाकडची उधारी वहीत लिहायची आणि कारागिराचे ऋण तेवढे तोंडी ठेवायचे, हा कोणता हिशेब?

तोंडी ऋणाचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. धुळ्यातील एका गॅरेजमध्ये एक मिस्त्री अठरा वर्षे कामाला होता. मालक वारले, मुलांनी जागा विकली. मिस्त्रीला आखातात जाण्याची संधी आली आणि एजंटाने अनुभवाचा दाखला मागितला. मिस्त्रीजवळ ना नेमणुकीचा कागद होता, ना पगाराची पावती. अठरा वर्षांचे काम त्याच्या हातात होते, कागदावर कोठेच नव्हते. ती संधी गेली. मालक वाईट नव्हते, मिस्त्रीला ते घरचाच मानत. पण घरचा मानलेल्या माणसासाठी त्यांनी कधी लेखणी उचलली नाही. शुभेच्छांचे कार्ड म्हणजे दाखला नव्हे, हे खरे. तरी ज्या दुकानात तारीख घालून, सही करून दोन ओळी लिहिण्याची सवय लागते, तेथे दाखला लिहायलाही हात आखडत नाही.

मग लिहावे काय? आमच्या मते चार गोष्टी पुरेत. पहिली, कामाला लागल्याची तारीख किंवा निदान महिना व साल. ती शोधताना जुनी वही उघडावी लागेल, आणि आपण या माणसाची नोंद कशी ठेवली आहे हेही कळेल. दुसरी, त्याने केलेले एक नेमके काम. 'आपण फार मेहनती आहात' यापेक्षा 'पुराचे पाणी दुकानात शिरले त्या रात्री कापडाचे तागे आपण माळ्यावर चढवलेत' हे वाक्य मोलाचे. तिसरी, त्याच्यापासून आपण काय शिकलो. चौथी, दुआ.

एखाद्या गादीवाल्या पिंजारी दुकानदाराने आपल्या जुन्या कारागिराला असे लिहिता येईल : 'उस्ताद, अस्सलामु अलैकुम. आपण आमच्या दुकानात आलात त्याला या महिन्यात २० वर्षे झाली. अब्बांच्या आजारपणात तीन महिने दुकानाच्या किल्ल्या आपल्याकडे होत्या. मी परत गल्ल्यावर बसलो तेव्हा हिशेबात एका पैशाचा फरक नव्हता. व्यवहार सचोटीने कसा करावा हे मी आपल्याकडून शिकलो. अल्लाह आपल्याला सेहत देवो आणि आपल्या रोजीत बरकत देवो.'

बरोबरीच्या कामगाराने यंत्रमागावरील सोबत्याला लिहायचे तर इतके साधे पुरे : 'भाई, मी मागावर नवा होतो तेव्हा माझ्या हातून कापड खराब झाले. आपण चार जणांत न बोलता बाजूला घेऊन चूक दाखवलीत. आज मी नव्या पोरांना तसेच शिकवतो. आपल्याला येथे १० वर्षे झाली, मुबारक असो.'

काय लिहू नये हेही ध्यानात ठेवावे. वय, आजार, कर्ज, घरची अडचण यांवर थट्टा नको. कार्ड त्याच्या घरी जाते, मुलेबाळे वाचतात. भरमसाट स्तुतीही नको. तोंडावर अतिस्तुती करणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कडक शब्दांत रोखले होते. जे घडले तेवढेच लिहावे. भाषा त्याला वाचता येईल ती असावी, मराठी किंवा उर्दू. अहिराणीत दोन शब्द लिहिले तर खानदेशी माणूस अधिकच खूश होईल. वाचता येत नसेल तर कार्ड त्याला वाचून दाखवावे. घरी बसून दुकानासाठी शिलाई करणाऱ्या भगिनींनाही विसरू नये. त्या दुकानात दिसत नाहीत, पण वर्षे त्यांचीही भरतात.

येथे हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. त्यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. त्या दहा वर्षांत आपल्याला कधी 'उफ्' सुद्धा म्हटले गेले नाही, एखादे काम का केले किंवा का केले नाही असा जाब विचारला गेला नाही, अशी साक्ष त्यांनी स्वतः दिली. दहा वर्षांचा अभिप्राय तेथे सेवकाने दिला आहे, धन्याने नव्हे. मालकांनी कार्ड लिहिण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : उद्या या माणसाने माझ्याविषयी दोन ओळी लिहायचे ठरवले, तर तो काय लिहील?

या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी पैशाच्या व्यवहारात दडलेले असते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण सर्वांना पाठ आहे. कायदाही आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानांना व कारखान्यांना बंधन घातले. हा हक्क आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षे नोकरी झालेल्या माणसाला, तो काम सोडताना, दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते. मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचे, असा हिशेब आहे. शेवटचे वेतन १३,००० रुपये असेल आणि नोकरी २० वर्षांची, तर रक्कम दीड लाख रुपये होते. ज्या दुकानात माणसे दहापेक्षा कमी आहेत, तेथे कायद्याचा हा नियम पोहोचत नसेल, पण इन्साफ पोहोचतो. दरमहा थोडी रक्कम त्याच्या नावे बाजूला ठेवणे छोट्या दुकानदारालाही अशक्य नाही. हक्क बुडवून दिलेले सुंदर कार्ड ही थट्टा होय.

नाव लिहिलेल्या कागदाची किंमत खानदेशाला ठाऊक आहे. मुहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली, तीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या साध्यासुध्या कुटुंबांनी तिचे शेअर वर्षानुवर्षे जपून ठेवले आणि त्या कागदांनी त्यांचे दिवस पालटले. आपल्या दुकानातील कारागिराला आपण शेअर देऊ शकणार नाही. परंतु या धंद्याच्या बरकतीत तुझा वाटा आहे, एवढे तरी नावानिशी लिहून देऊ शकतो. तो कागदही घरात जपून ठेवला जाईल.

सबब व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे. या जुम्याला नमाजहून परतल्यावर जुनी वही काढावी, आपल्याकडचा सर्वांत जुना माणूस कोणत्या साली आला ते पाहावे, त्याचे काही देणे राहिले असल्यास आधी ते चुकते करावे आणि मग लेखणी हाती घ्यावी. छापील कार्ड नसले तरी चालेल. दुकानाच्या पावतीपुस्तकातला कोरा कागदही पुरेल.