अँग्विलाचा कौल

वाचकहो, ३० मे हा गोवा घटकराज्य दिन. १९८७ साली याच तारखेला गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला, हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु याच तारखेला पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, कॅरिबियन समुद्रातील अँग्विला नावाच्या चिमुकल्या बेटावरही उत्सव असतो, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. १९६७ च्या ३० मे रोजी तेथील लोकांनी सेंट किट्स बेटाच्या सरकारचे पोलीस आपल्या भूमीवरून परत पाठवले. तोच त्यांचा 'अँग्विला दिन'. योगायोग एवढ्यावर थांबत नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीजांच्या जोखडातून मुक्त झाला, तर १९ डिसेंबर १९८० रोजी अँग्विला सेंट किट्सपासून कायद्याने वेगळे झाले.

तारखा जुळल्या म्हणून इतिहास जुळतो असे नाही. पण १९६७ च्या जानेवारीत गोव्यात जनमत कौल झाला आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत अँग्विलातही कौल झाला. दोन्हीकडे विचारलेला प्रश्न मुळात एकच होता: लहानाने मोठ्याच्या घरात नांदावे की नाही? विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या या साप्ताहिकाने हा इतिहास डोळ्याआड करणे बरे नव्हे. उलट, तो आपल्याला सोयीचा नाही म्हणूनच तो आपण नीट वाचला पाहिजे.

आधी भूगोल पाहू. नकाशात वेस्ट इंडीज बेटांच्या माळेत, सेंट मार्टिन बेटाच्या उत्तरेला एक बारीक रेघ दिसेल, ते अँग्विला. लांबी सुमारे सोळा मैल, रुंदी जास्तीत जास्त तीन मैल. क्षेत्रफळ ९१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपला गोवा त्याच्या चाळीसपट. वामेसारखे लांबट आणि निमुळते, म्हणून युरोपियनांनी त्या माशावरूनच त्याला नाव दिले. मूळ रहिवाशांचे त्याचे नाव होते 'मालियुहाना'. भूमी चुनखडीची आणि पोवळ्याची, माती पातळ, पाऊस बेताचा, नदी एकही नाही. सर्वात उंच टेकडी सत्तर मीटरच्या आसपास. घराच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी टाकीत साठवून जपून वापरायचे, ही तेथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. राजधानीचे नाव 'द व्हॅली'. वस्ती पंधरा हजारांच्या घरात, म्हणजे आपल्या फोंडा शहराहूनही कमी.

इंग्रजांनी १६५० साली तेथे वसाहत केली. आफ्रिकेतून गुलाम आणले, ऊस लावून पाहिला. पण कोरड्या जमिनीने मळेवाल्यांना साथ दिली नाही. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि हळूहळू मळेवाले बेट सोडून गेले. मागे राहिलेल्या गुलामांच्या वंशजांनी जमिनीचे तुकडे आपलेसे केले. मासेमारी, मिठागरे, होड्या बांधणे आणि परमुलखात मजुरी, यांवर संसार चालवला. कोणी सांतो डोमिंगोला ऊस तोडायला गेले, कोणी आरुबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, कोणी इंग्लंडात. मनिऑर्डरीवर घर चालणे म्हणजे काय, हे कोकणी माणसाला निराळे समजावून सांगायला नको. लोक गरीब, पण कोणाच्या मळ्यावर राबणारे नव्हेत. आपल्या जमिनीचे आपण धनी. या एका गोष्टीत त्यांच्या पुढच्या ताठपणाचे मूळ आहे.

आता 'विलीनीकरणा'ची कथा. सेंट किट्स हे बेट अँग्विलापासून सुमारे सत्तर मैलांवर, आणि मध्ये फ्रेंच व डच बेटे. तरीही इंग्रज सरकारने कारभाराच्या सोयीसाठी १८२५ साली अँग्विला सेंट किट्सच्या विधिमंडळाला जोडले. १८७२ साली अँग्विलाच्या जमीनदार रहिवाशांनी लंडनला अर्ज केला की ही जोडणी तोडा. उत्तरादाखल १८८२ साली सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला यांची आणखी घट्ट मोट बांधण्यात आली. १९५८ साली पुन्हा अर्ज गेला, पुन्हा व्यर्थ. आणि २७ फेब्रुवारी १९६७ रोजी, या तिन्ही बेटांचे मिळून एक अंतर्गत स्वायत्त राज्य ब्रिटनने जाहीर केले. त्याच्या विधानसभेत निवडून द्यायच्या दहा जागांपैकी अँग्विलाला एक! बेटावर ना सार्वजनिक वीज, ना नळाचे पाणी, ना टेलिफोन, ना धड डांबरी रस्ता. कर, कायदे आणि पोलीस मात्र सेंट किट्सहून वेळच्या वेळी येत.

दीडशे वर्षांच्या या कथेत एकदाही कोणी अँग्विलाच्या माणसाला विचारले नाही की, बाबा रे, तुला काय हवे? शेवटी त्यांनी आपले आपणच विचारून घेतले. पोलिसांना परत पाठवल्यानंतर ११ जुलै १९६७ रोजी मतदान झाले. सेंट किट्सपासून वेगळे होण्याच्या बाजूने मते पडली १८१३, विरुद्ध पडली ५. चळवळीचे पुढारी रोनाल्ड वेब्स्टर. दीड वर्ष वाटाघाटी होऊनही मार्ग निघेना, तेव्हा ६ फेब्रुवारी १९६९ रोजी दुसरे मतदान झाले आणि १७३९ विरुद्ध ४ मतांनी लोकांनी प्रजासत्ताक होण्याचा कौल दिला.

त्यावर ब्रिटनने जे केले ते वाचून हसावे की रडावे, कळत नाही. १९ मार्च १९६९ च्या पहाटे तीनशेच्या आसपास छत्रीधारी सैनिक आणि लंडनच्या पोलिसांची एक तुकडी बेटावर उतरली. मुंगी मारायला तोफ! प्रतिकार झाला नाही, रक्त सांडले नाही. जगभरच्या वृत्तपत्रांनी ब्रिटनची टर उडवली. परंतु यातूनच अँग्विलाचे काम झाले. सेंट किट्सची सत्ता परत आली नाही. लष्कराच्या इंजिनिअरांनी जी कामे दीडशे वर्षांत झाली नव्हती त्यांना हात घातला. सर ह्यू वुडिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९७० साली अँग्विलाने सेंट किट्सबरोबरच राहावे अशी शिफारस केली. लोकांनी ती झिडकारली, आणि ब्रिटननेही तो अहवाल त्यांच्या माथी मारला नाही. १९७१ चा अँग्विला कायदा, १९७६ ची घटना आणि १९८० ची कायदेशीर फारकत असे टप्पे पडत गेले. सेंट किट्स व नेव्हिस १९८३ साली स्वतंत्र राष्ट्र झाले. अँग्विला ब्रिटनच्या छत्राखालीच राहिले. ज्यांनी सेंट किट्सचे राज्य नाकारले त्यांनी परक्या राजाचे राज्य पत्करले, कारण त्यांच्या अनुभवाप्रमाणे दगडापेक्षा वीट मऊ होती.

आज तेथील कारभार असा: राजाने नेमलेला गव्हर्नर, परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा त्याच्याकडे. बाकीचा कारभार प्रीमियर आणि त्यांच्या मंत्रिमंडळाकडे. विधानसभेत तेरा जण: सात मतदारसंघांतून, चार साऱ्या बेटातून निवडलेले, आणि दोन सरकारी अधिकारी. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर कोरा रिचर्डसन-हॉज या तेथील पहिल्या महिला प्रीमियर झाल्या. मुख्य मिळकत पर्यटनाची. सप्टेंबर २०१७ च्या 'इर्मा' चक्रीवादळाने बेट झोडपून काढले, तरी लोक पुन्हा उभे राहिले. शिवाय संगणकाच्या जगात प्रत्येक देशाला जी दोन अक्षरांची ओळख असते ती अँग्विलाच्या वाट्याला 'एआय' अशी आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांच्या त्यावर उड्या पडल्या आणि २०२३ साली त्या दोन अक्षरांनी सरकारला सुमारे ३ कोटी २० लाख अमेरिकी डॉलर मिळवून दिले. आणि एक गंमत: अँग्विलाचे चलन आजही पूर्व कॅरिबियन डॉलर. तो छापून घेणारी मध्यवर्ती बँक आहे सेंट किट्समध्येच! जेथे सर्व बेटांना सारखा मान आहे, तेथे जुने वैर आड आलेले नाही.

आता आमचे विरोधक म्हणतील, पाहा, लहानाने मोठ्यात जाऊ नये हे तुमच्याच पत्राने सिद्ध केले. तसे काही सिद्ध झालेले नाही. अँग्विलाची जोडणी वरून, लंडनच्या कागदावर झाली. महाराष्ट्राशी एकरूप होण्याची गोमंतकातील आणि सीमाभागातील मागणी लोकांमधून उठली. हा फरक लहान नव्हे.

पण आपल्या बाजूच्या माणसांनीही एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐकावी. अँग्विला आणि सेंट किट्स यांची भाषा एकच, धर्म एकच, वंश एकच, पूर्वीचा धनीही एकच. तरीही ते नाते टिकले नाही. भाषा हे नात्याचे बीज आहे खरे, परंतु बी पेरून पाणी घातले नाही तर ते उगवत नाही. भाषेमुळे माणूस दारात येतो. त्याने आत यावे असे वाटत असेल तर पंक्तीला त्याचे पान मांडलेले असले पाहिजे. विधिमंडळात किती जागा, तिजोरीतील किती वाटा, नोकऱ्यांत कोणते संरक्षण, हे आधी लेखी सांगावे लागते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेश राहावा या बाजूने १,७२,१९१. त्या ३४,०२१ मतांच्या फरकात फितुरी शोधण्यापेक्षा, 'मुंबईच्या कचेरीत आपली फाईल कोण हलवणार?' ही लहान माणसाची भीती शोधावी. ती अँग्विलाच्या भीतीहून निराळी नव्हती.

आमच्या देवळांत कौल लावण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. आधी गाऱ्हाणे घालायचे, प्रश्न स्वच्छ शब्दांत मांडायचा, मग पाकळी डावी पडो की उजवी, ती मानायची. मनासारखी पडली नाही म्हणून देवाला कोणी बोल लावत नाही. हाच नियम राजकारणातही लागू आहे. बेळगावच्या मराठी माणसाला १९५६ साली कोणी विचारले नाही. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, तोही त्यांच्या मनाविरुद्ध, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. 'आम्हाला विचारा' ही त्यांची मागणी न्याय्य आहे, आणि आम्ही तिच्या पाठीशी उभे आहोत. पण बेळगावसाठी लोकमत मागायचे आणि गोव्यात दिलेल्या लोकमताला नावे ठेवायची, हे एका तोंडाने करता येणार नाही. १९६७ चा कौल तो कौल. तो आम्ही मानतो.

मात्र कौल मानण्याचे बंधन जिंकणाऱ्यालाही असते. अँग्विलात विरुद्ध पडलेली मते पाच होती. गोव्यात ती शंभरांत चव्वेचाळीस होती. ती माणसे आणि त्यांची मुले-नातवंडे येथेच आहेत. घरात पोथी मराठीत वाचतात, देवळात कीर्तन मराठीत ऐकतात, वर्तमानपत्र मराठीत उघडतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराला मुभा ठेवली. ही मुभा कागदावर राहते की कचेरीच्या खिडकीपर्यंत पोहोचते, यावरून जिंकणाऱ्यांचे मन किती मोठे आहे ते ठरेल.

म्हणून, वाचकहो, या ३० मे रोजी दोन कामे करा. आपल्या मुलांना नकाशा काढून ती बारीक रेघ दाखवा आणि १८१३ व ५ या आकड्यांची गोष्ट सांगा. आणि मराठीतून लिहिलेला एक अर्ज आपल्या गावच्या सरकारी कचेरीत देऊन, त्याचे उत्तर मराठीतून येईपर्यंत पाठपुरावा करा.