बिलाच्या खालच्या ओळी

हॉटेलात जेवणे ही एकेकाळी आपल्याकडे नाइलाजाची गोष्ट होती. नोकरीसाठी गाव सोडून आलेला, बिऱ्हाड नसलेला माणूस खानावळीत जेवे. त्याचा हिशेब महिन्याचा. सुटीत गावी गेला तर खाडे कापून मिळत, पण आधी मालकाच्या कानावर घातले असेल तरच. घरच्यांना घेऊन हॉटेलात जाणे म्हणजे वाढदिवस, नाहीतर निकाल लागल्याचा मसाला डोसा.

आता तसे राहिलेले नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंबखर्च पाहणीत शहरी कुटुंबाच्या मासिक खर्चातला सुमारे ११ टक्के वाटा पेये, उपाहार आणि तयार खाद्यपदार्थ यांचा आहे. तांदूळ-गहू-ज्वारीवरचा खर्च चार टक्क्यांहूनही कमी. यात पाकिटबंद फरसाणही आले, सगळाच खर्च हॉटेलातला नव्हे. तरी पैसा कुठल्या दिशेने वाहतो आहे हे दिसतेच. वाहो बापडा. बाहेर जेवणे ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आठवड्यातून एकदा घरातल्या बाईला ओट्यापासून सुटका मिळत असेल तर तो खर्च सत्कारणी लागला.

माझा आक्षेप वेगळा आहे. आपण हॉटेलात काटकसर करतो ती भलत्याच ठिकाणी. घरचा कर्ता माणूस मेन्यूकार्ड उजवीकडून डावीकडे वाचतो, म्हणजे आधी भाव, मग पदार्थ. सूप 'वन बाय टू' मागवतो. धाकट्याला आइस्क्रीम नाकारतो. अमर्याद थाळी घेतली की पैसे वसूल करण्याच्या नादात चौथी पुरी रेटतो. आणि बिल आले की चामड्याच्या त्या काळ्या पाकिटात कार्ड सरकवून गप्पा चालू ठेवतो. छत्तीस वर्षे बँकेत व्हाउचरे तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण न वाचता पैसे देणारा माणूस पाहिला की मला अस्वस्थ होते.

चौघांच्या जेवणाचे १६०० रुपये झाले असे धरू. त्याखाली सर्व्हिस चार्ज १० टक्के, १६० रुपये. मग या १७६० वर ५ टक्के जीएसटी, ८८ रुपये. एकूण १८४८. मधली ओळ नसती तर हेच बिल १६८० झाले असते. फरक १६८ रुपयांचा, कारण सर्व्हिस चार्जवरही कर लागला. महिन्यातून दोनदा गेलात तर वर्षाला चार हजारांवर गेले. नाकारलेली आइस्क्रीमे यात किती बसतील, ते धाकट्यालाच विचारा.

पुष्कळांना वाटते की हाही एक सरकारी करच. तो तसा नाही. कर आहे जीएसटी, आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटात ५ टक्केच आहे, मग एसी असो वा नसो. बिलावर अडीच-अडीचच्या दोन ओळी दिसतात त्या केंद्राच्या आणि राज्याच्या वाट्याच्या. खोलीचे भाडे साडेसात हजारांवर असलेल्या बड्या हॉटेलांत तो १८ टक्के. कंपोझिशन योजनेतल्या लहान हॉटेलवाल्याने तर गिऱ्हाइकाकडून कर वसूलच करायचा नसतो, त्याने तो आपल्या खिशातून भरायचा. बिलावर तसे छापणेही बंधनकारक आहे.

सर्व्हिस चार्ज मात्र सरकारकडे जात नाही, मालकाकडे जातो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो बिलात आपोआप लावण्यास मनाई केली. हॉटेलमालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगितीही मिळाली. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. सक्तीचा सर्व्हिस चार्ज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, ग्राहकाला खुशीने काही द्यायचे तर द्यावे, असे न्यायालयाने म्हटले. संघटनांनी अपील केले आहे.

मालकांची बाजू अगदीच पोकळ नाही. वेटरला टिप मिळते आणि आत भांडी घासणाऱ्याला काही मिळत नाही, आम्ही ती रक्कम सर्वांत वाटतो, असे ते म्हणतात. वाटत असतील. पण नोकराचा पगार हा धंद्याचा खर्च आहे, तो पदार्थाच्या भावात धरावा. पनीरची भाजी ३०० ऐवजी ३३० ची करा. मी भाव वाचून ठरवीन, खायची की नाही. व्याजाचा दर मोठ्या अक्षरात आणि प्रक्रिया शुल्क तळटीपेत छापण्याची विद्या मी जवळून पाहिली आहे, म्हणून बोलतो.

प्रत्येक वेळी कायदा आपल्या बाजूला असतो असेही नाही. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेण्याची मुभा हॉटेलांना आहे, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिला. तिथे वाद घालून उपयोग नाही. वेटर "बिसलेरी की साधं?" असे विचारतो, तेव्हा "साधं" म्हणावे. हा शब्द आपल्याकडे उगाच दबक्या आवाजात उच्चारला जातो, त्यातही पाहुणे बरोबर असले तर बिसलेरीच येते, चारजणांत दोन बाटल्या.

खरी अडचण इथेच आहे. सर्व्हिस चार्ज काढा म्हणायला कायदा लागत नाही, जीभ लागते. शेजारच्या टेबलावरचे बघतील, मुलगी "बाबा, जाऊ द्या ना" म्हणेल, व्याह्यांसमोर कंजूष दिसू. भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणसे एसीत बसली की १६८ रुपयांना मोठ्या मनाची होतात. ज्याच्या बिलात ही ओळ घुसते त्याने बोलावे ते वेटरशी नव्हे. ओळ काढण्याचा अधिकार त्या पोराला नसतो, उलट बोलणी त्यालाच खावी लागतात. काउंटरवर जाऊन शांतपणे सांगावे. पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर नवे बिल येते. नाहीच आले तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बिल जपून ठेवावे, कारण तक्रारीला तेच लागते.

आणि त्या पोराने नीट वाढले असेल तर पन्नासची नोट पाकिटात ठेवून न जाता त्याच्या हातात द्यावी.