ढकलतो तो खरा चुंबक

रविवारी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सहावी-सातवीची मुले जमतात. आम्ही बी.कॉम. झालेली जमाखर्चाची माणसे, तरी अधूनमधून त्यांचे विज्ञान आमच्या गळ्यात पडतेच. परवा एका पोराने मोडक्या स्पीकरमधली दोन चुंबके आणली. एका बाजूने धरली की खटकन चिकटत, एक उलटे केले की हाताला जोर लावूनही जवळ येत नसत. "काका, यांचं मधेच काय बिनसतं?"

बिनसत काही नाही. प्रत्येक चुंबकाला उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव असतात. सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, वेगळे ओढतात. चुंबक मधोमध तोडला तरी एक ध्रुव वेगळा मिळत नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन ध्रुव. कारण आतला कण न् कण हाच बारीक चुंबक असतो, आणि बहुतेकांची तोंडे एकाच दिशेला असतात. साध्या खिळ्यात ती वाटेल तिकडे असतात. चुंबक जवळ आला की ती वळतात आणि खिळ्याच्या जवळच्या टोकाला उलटा ध्रुव तयार होतो. म्हणून खिळा नेहमी ओढलाच जातो. चिकटला म्हणजे चुंबक, असे नव्हे. ढकलतो तो खरा चुंबक!

होकायंत्राच्या सुईचे उत्तर टोक उत्तरेकडे वळते, मग पृथ्वीच्या त्या बाजूला कोणता ध्रुव असावा? मागच्या ओळीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "दक्षिण." बरोबर! आम्हालाच हे फार उशिरा कळले होते. पृथ्वीच्या या चुंबकत्वाची मोजणी मुंबईत कुलाब्याला 1841 पासून होत होती. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया बिघडतील, म्हणून नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत 1904 मध्ये अलिबागला वेधशाळा उभारली. आणि आपल्या त्रिरश्मी लेण्यांचा काळा दगड? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो तप्त लाव्हा होता. थिजताना त्यातल्या लोहकणांनी तेव्हाची दिशा धरून ठेवली. अशाच दगडांवरून शास्त्रज्ञांनी ओळखले, की त्या काळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

आता आयाबायांनी नीट ऐकावे. हल्ली खेळण्यांत मण्याएवढी, पण फार जोरदार चुंबके येतात. शेजारच्या चिमुरडीने असे दोन मणी तोंडात घातले होते. नशीब, गालातच सापडले. एक चुंबक गिळला तर बहुधा शौचावाटे निघून जातो. दोन वेगवेगळ्या वेळी गिळले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात. मधली आतडी चिमटली जाते, रक्त तुटते, भोक पडते. सुरुवातीला मात्र नुसती पोटदुखी आणि उलटी. आपण ओवा देऊन मोकळे होतो. एकच गिळला याची तरी खात्री कोण देणार? म्हणून केळी चारून सकाळची वाट पाहू नये, उलटी काढू नये. लगेच सिव्हिलला न्यावे, "चुंबक गिळलाय" हे स्पष्ट शब्दांत सांगावे, एक्स-रे काढायला लावावा. राहिलेले मणी मोजून सोबत न्यावेत, म्हणजे किती गेले याचा डॉक्टरांना अंदाज येतो.