'त्यांनी' म्हणजे कोणी?

'व्याकरण' हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाल शाई उभी राहते. 'आणि'मधला 'णि' ऱ्हस्व की दीर्घ, अनुस्वार द्यावा की नाही, एवढ्यातच आपले व्याकरण सुरू होते आणि तेथेच संपते. माझीही समजूत अशीच होती. ती बदलली एका तीन वाक्यांच्या कागदाने. तो कागद मीच लिहिला होता, म्हणून ही हकिकत सांगण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या मेस-समितीचे कामकाज लिहून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. मराठी विषय घेणाऱ्याच्या गळ्यात अशी कामे पडायचीच! समितीचा सचिव माझा खोलीतला सोबती होता. त्याने दोन रात्री जागून हिशेब तपासला. मेसचालक पावत्या ठेवत नव्हते आणि त्यांच्या हिशेबात १८४० रुपये कमी भरत होते. त्याने ते चालकांना सांगितले. ते गृहस्थ सरळ मनाचे निघाले. त्यांनी चूक कबूल केली आणि पैसे भरतो म्हणाले. प्रकरण मिटले. मी फलकावर कागद लावला, तो असा :

'पावत्या न ठेवणाऱ्या मेसच्या सचिवांनी चालकांना त्यांच्या हिशेबात १८४० रुपये कमी असल्याचे सांगितले. त्यांनी चूक मान्य केली. तथापि पैसे भरून देण्याची तयारीही त्यांनी दाखवली.'

शुद्धलेखनाची एकही चूक यात नाही. पण संध्याकाळपर्यंत सारे वसतिगृह म्हणू लागले की सचिवाने पैसे खाल्ले, ते त्याने कबूल केले, आणि बिचाऱ्या चालकांनी मोठ्या मनाने ते भरून दिले! रेक्टरांनी मित्राला बोलावले. परत आल्यावर तो एवढेच म्हणाला, "अरे, माझ्यावर राग होता तर तोंडावर सांगायचंस!" दुसऱ्या दिवशी मी फलकावरचा कागद काढला. पण मुलांच्या मोबाइलमध्ये गेलेला त्याचा फोटो कसा काढणार?

मग मी तोच कागद परक्याच्या डोळ्यांनी वाचला, तेव्हा एकेक खड्डा दिसू लागला.

पहिला खड्डा विशेषणाचा. 'शुद्ध गाईचे तूप' ही दुकानावरची पाटी वाचून आपण हसतो. शुद्ध काय, गाय की तूप? माझे 'पावत्या न ठेवणाऱ्या' हे विशेषण मेससाठी होते. ते जाऊन बसले सचिवांच्या डोक्यावर. कारण 'मेसच्या सचिवांनी' हा एकच शब्दसमूह आहे, आणि त्याच्या आधी आलेले विशेषण मेसचे की सचिवाचे, हे ठरवण्याची सोय वाक्यात नाही. क्रियाविशेषणांचेही तसेच. 'सायकलवरून जाताना मला सर दिसले.' सायकलवर कोण होते? मी म्हणेन मी, वाचणारा म्हणेल सर. 'मी सायकलवरून जात असताना' असे लिहिले असते तर हात मोडला नसता.

दुसरा खड्डा सर्वनामाचा, आणि तो सर्वांत खोल. मराठीत आदर दाखवायचा तर एकाचेही अनेकवचन होते. सचिव एक, चालक एक, पण दोघेही 'त्यांनी'. माझ्या तीन वाक्यांत 'त्यांच्या' आणि 'त्यांनी' मिळून तीनदा आले, आणि तिन्ही वेळा वाचकाने आपल्या मनाने माणूस निवडला. वास्तविक आपल्या भाषेने यावर काही सोयी करून ठेवल्या आहेत. 'खुर्ची टेबलावर आदळली आणि ती मोडली' यात शंका नाही, 'ते मोडले' यातही नाही. लिंगच बोट दाखवते. पण विभक्ती लागली की ही सोय अर्धी जाते. 'आरसा कपाटावर पडला आणि त्याला तडा गेला' यात तडा आरशाला की कपाटाला? पुल्लिंगी 'तो' आणि नपुंसकलिंगी 'ते' दोघांचेही 'त्याला'च होते. अनेकवचनात तर तिन्ही लिंगांचे मिळून एकच 'त्यांना'.

दुसरी सोय 'आपला' या शब्दाची. 'रमेशने सुरेशला आपल्या सायकलवरून नेले' म्हटले की सायकल रमेशची. 'त्याच्या' म्हटले की मन सुरेशकडे वळते. पण हा 'आपण'सुद्धा बहुरूपी आहे. तो 'तुम्ही' होतो, 'तुम्ही-आम्ही' होतो, 'स्वतः'ही होतो. मग खात्रीचा उपाय एकच : नाव पुन्हा लिहिणे. पण तेथे आपला हात अडखळतो. नामाचा पुनरुच्चार टाळण्यासाठी सर्वनाम वापरतात, हे आपण शाळेत घोकलेले असते. हा पुनरुच्चार टाळता टाळता मी एक मित्र जवळजवळ गमावला.

तिसरा खड्डा वाक्ये जोडणाऱ्या शब्दांचा. 'तथापि' मी का लिहिले? खरे सांगतो, भारदस्त वाटते म्हणून. पण तो न्यूनत्वबोधक शब्द आहे. आधी सांगितले त्याला काही उणे, काही उलट पुढे येणार, असे तो वाचकाला बजावतो. चूक मान्य करणे आणि पैसे भरणे यांत उलट काहीच नव्हते. म्हणून वाचकाने उलट शोधून काढले : एकाने चूक मान्य केली, तथापि भरपाई दुसऱ्याने दिली! सर्वनामाने उघडे ठेवलेले दार माझ्या 'तथापि'ने सताड उघडले. 'किंबहुना'चीही अशीच दशा आहे. 'इतकेच नव्हे तर' या अर्थाचा हा शब्द आपण 'कदाचित' म्हणून बेधडक वापरतो. 'त्यामुळे', 'त्याखेरीज' यांच्या तर पोटातच सर्वनाम दडलेले असते. कशामुळे, कशाखेरीज, हे मागच्या वाक्यात नसेल तर ते शब्द पोकळ.

आणि आपले लाडके 'म्हणून'! 'मी येणार नाही म्हणून त्याने कळवले नाही.' मी येणार नव्हतो, या कारणाने त्याने कळवले नाही? की स्वतः येणार नसल्याचे त्याने कळवले नाही? की माझे न येणे त्याने इतरांना कळवले नाही? सात शब्दांचे वाक्य आणि तीन अर्थ.

यावर कोणी म्हणेल, 'संदर्भाने सारे कळते.' बोलताना कळते, हे खरे. बोलताना स्वर असतो, बोट असते, समोरचा 'कोण?' म्हणून विचारू शकतो. कागदाला असे विचारता येत नाही. शिवाय संदर्भ लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतो, वाचणाऱ्याच्या नव्हे. हिशेब कोणी तपासला हे मला माहीत होते. फलकापुढे उभ्या राहिलेल्यांना नव्हते.

ऱ्हस्व-दीर्घाची मी टिंगल करीत नाही. पण आज आपण पाळतो ते शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालचे, त्यांत १९७२ साली आणखी चारांची भर पडली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे, आणि मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. लेखनाचे नियम बदलले, पुढेही बदलतील. कोणाविषयी काय म्हटले हे वाक्यातून कळले पाहिजे, ही अट मात्र बदलणार नाही. वेलांटी चुकली तर लिहिणाऱ्याची शोभा होते. सर्वनाम चुकले तर भलत्याच माणसाची होते. तरीही माझ्या उत्तरपत्रिकांतल्या वेलांट्यांभोवती आजवर शेकडो वर्तुळे पडली, 'त्यांनी'भोवती एकही पडल्याचे आठवत नाही. गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे की लाल शाईचा एक थेंब त्यासाठीही राखून ठेवावा.

दुसरा कागद मी असा लिहिला : 'मेसच्या हिशेबात १८४० रुपये कमी असल्याचे सचिवांना आढळले. सचिवांनी ही बाब चालकांना सांगितली. पावत्या न ठेवल्याची चूक चालकांनी मान्य केली व पैसे भरून देण्याची तयारी दाखवली.' भाषा रुक्ष आहे, 'सचिव' आणि 'चालक' दोन-दोनदा आले आहेत, आणि भारदस्त असे त्यात काही नाही. फलकावर लावण्याआधी तो मी मित्राला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला, खिशातले पेन काढले आणि काहीच दुरुस्त न करता खाली सही केली.