कंत्राटदाराचा माणूस

कामावर अपघात झाला की फाटकावर एक वाक्य हमखास ऐकू येते, "तो आमचा नाही, कंत्राटदाराचा माणूस आहे." मी आयुष्यभर मराठी शिकवले, पण षष्ठी विभक्तीचा इतका सोयीस्कर उपयोग दुसरीकडे पाहिला नाही.

माझा एक जुना विद्यार्थी एलएनजी टर्मिनलवर पाइप फिटर होता. (कुठल्या, ते सांगत नाही. दहेज, हजिरा, दाभोळ, कोची अशी अनेक आहेत.) नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, द्रवरूपात जहाजाने तिथे आणतात. आपल्याला वाटते, अशा जागी भीती स्फोटाची. याचा उजवा अंगठा गेला तो साध्या पाइपाखाली सापडून. साल २०२३, वय ३०, पगार २४ हजार.

कंत्राटदाराने पन्नास हजार रुपये आणि एक कागद पुढे केला. 'यापुढे माझा कोणताही दावा नाही.' त्याने मला फोन केला, "सर, सही करू का?"

करू नकोस म्हटले. त्या वेळी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता, आणि हक्क सोडून देणारा असा करार त्या कायद्याने रद्दबातल ठरतो. काम करताना इजा झाली, एवढे पुरते. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. दारू पिऊन किंवा मुद्दाम सुरक्षेचे नियम मोडून काम केले तर गोष्ट वेगळी. आणि मुख्य म्हणजे, मालकाच्या धंद्याचे नेहमीचे काम त्याच्या आवारात कंत्राटदारामार्फत चालले असेल, तर भरपाई थेट मूळ मालकाकडे मागता येते. त्याने ती मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. म्हणजे ती षष्ठी कायद्याला मान्यच नाही!

हिशेब आम्ही वहीवर मांडला. पगार २४ हजार असला तरी कायदा तेव्हा १५ हजारच धरत होता (हे मला अन्यायाचे वाटते). त्याचे ६० टक्के ९,०००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०, हे पूर्ण अपंगत्वाचे. अंगठ्याचे ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर दंडही होऊ शकतो.

यापेक्षा जास्त हवे तर दिवाणी दावा. तिथे मात्र निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, वर्षे जातात, आणि दोन्ही वाटांनी एकदम जाता येत नाही. ईएसआयचा विमा असता तर पैसे त्या महामंडळाकडून मिळाले असते, मालकाकडे वेगळी भरपाई मागता आली नसती. याचा पगार त्या मर्यादेबाहेरचा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. मूळ मालकाची जबाबदारी तिच्यातही आहे.

त्याने मालक आणि कंत्राटदार, दोघांवरही दावा लावला. कंत्राटदार म्हणतो, हा माणूस माझ्याकडे नव्हताच. दवाखान्यात असतानाच गेटपास काढून घेतला होता. नशीब, पोराच्या मोबाइलमध्ये पासचा फोटो होता. त्यावर टर्मिनलचा ठळक शिक्का आहे, आणि कंत्राटदाराचे नाव खाली, बारीक अक्षरात.