चंद्र पाठीमागे उगवतो हो!

परवा कोजागिरीला सगळ्यांनी एकमेकांना एकच चित्र पाठवलं: गुहागरचा समुद्र, बुडणारा सूर्य आणि शेजारीच परातीएवढा पूर्ण चंद्र. अहो, पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून तर पूर्ण दिसतो! आपला किनारा पश्चिमेचा. सूर्य समुद्रात जातो तेव्हा चंद्र आपल्या पाठीमागे, माडांतून वर येतो. समुद्रावरच हवा असेल तर पहाटे उठा. आणि परात कसली? दोघेही जेमतेम अर्ध्या अंशाचे. हात लांब करून करंगळी धरली की झाकले जातात. 'छान दिसतंय ना, मग झालं' हे मला अजिबात पटत नाही. पुतणीने तिथूनच काढलेला खरा फोटो पाठवला, माडाआड वाटाण्याएवढा चंद्र. त्यावर काकामंडळींचा (वाचताय ना?) सल्ला काय, तर कॅमेरा बदल!