हरलेला डाव फेकून देऊ नका



2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आपल्या सुरतेतल्या मराठी घरांतही पोरांना बुद्धिबळाचे क्लास लागलेत. आनंदच आहे. पण परवा माझा नातू स्पर्धेतून रडतच आला. "आजोबा, ओपनिंगच्या बारा चाली पाठ होत्या, तरी हरलो. आता खेळणारच नाही." डाव लिहिलेला कागद चुरगळून कोपऱ्यात टाकला.

मी पट मांडला आणि त्याला दुसरा एक हरलेला डाव दाखवला. साल 1855, कलकत्ता. पांढरी जॉन कॉक्रेनकडे, काळी महेशचंद्र बॅनर्जींकडे. कॉक्रेनने दोन प्यादी दोन-दोन घरं पुढे काढली. महेशचंद्रांनी घोडा काढला, राजाकडच्या घोड्याचं प्यादं एकच घर सरकवलं, वजिराचं प्यादं मध्ये भिडवलं आणि मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवला.

नातू म्हणाला, "असं का?"

माझे वडील देशी पद्धतीने खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. मधली जागा झटकन धरता येत नाही, मग उंटाने लांबून तिच्यावर नजर ठेवायची. महेशचंद्र त्याच देशी खेळात मुरलेले. नियम बदलले तरी समज तीच.

तो डाव ते हरले. पण 1922 मध्ये ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डने तीच मांडणी मोठ्या स्पर्धांत आणली आणि आज ती त्याच्या नावाने चालते. 2010 मध्ये सोफियाला विश्वविजेतेपदाच्या पहिल्याच डावात आपला आनंद ग्रुनफेल्डच खेळला. घरी केलेली तयारी आठवण्यात घोळ झाला, आणि टोपालोवकडून हरला. पाठांतर आनंदलाही दगा देतं! सामना मात्र शेवटी त्यानेच जिंकला.

बँकेत सर्क्युलर तोंडपाठ असणारे पुष्कळ भेटले. ते का निघालं हे जाणणारे थोडे, आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडायचे ते हेच. म्हणून आई-बापांना माझं सांगणं, "किती ओपनिंग झाल्या?" हे विचारू नका. "ही चाल का केलीस?" हे विचारा. हरलेल्या डावासाठी पोराजवळ तासभर बसा. खेळ कळत नसला तरी बसा.

नातवाने कागद उचलला, हाताने सपाट केला. तेराव्या चालीपाशी आम्ही दोघेही अडकलो. सूनबाईंनी जेवायला तीनदा हाका मारल्या.